दिवा आणि उजेड : जबलपूरच्या सराफ्याच्या निमित्ताने कृत्रिम प्रकाशाचा विचार

'कृत्रिम प्रकाश' ही संज्ञा मराठीत पाठ्यपुस्तकांच्या वाटेने आली. बोलभाषेला तिची गरज कधी पडली नाही. ऊन आणि चांदणे निसर्गाचे, दिवा माणसाचा, एवढा भेद भाषेला पुरेसा होता. मात्र याच बोलभाषेने दुसरा एक भेद फार बारकाईने जपला आहे. 'दिवा' म्हटले की एक वस्तू डोळ्यांपुढे येते, 'उजेड' म्हटले की वस्तू दिसण्याची स्थिती. दिव्याकडे पाहिले जाते. उजेडात पाहिले जाते. समई, निरांजन, लामणदिवा, पणती, दिवटी, पोत ही सारी नावे पाहण्याच्या वस्तूंची आहेत. आषाढी अमावास्येला दिवे घासूनपुसून मांडले जातात आणि त्यांची पूजा होते. त्या दिवशी त्यांच्या उजेडात काही करावयाचे नसते. गेल्या दीडशे वर्षांत कृत्रिम प्रकाशाचे जे स्थित्यंतर झाले त्याचे वर्णन तेलाकडून वायूकडे आणि वायूकडून विजेकडे असे नेहमी केले जाते. सांस्कृतिक दृष्टीने त्याहून महत्त्वाचे स्थित्यंतर हे की दिवा मागे सरला आणि उजेड वाढला. प्रकाशाचा स्रोत पाहण्याचा विषय राहिला नाही, तो छतात, काचेमागे, पडद्याआड गेला. तिन्हीसांजेला बटण दाबून विजेच्या नळीला हात जोडणारी घरे आजही आहेत, आणि त्या नमस्कारात जुना दिवा शिल्लक आहे. पण तो नमस्कार करणाऱ्यालाही थोडा अवघडलेला वाटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या स्थित्यंतराचा विचार एखाद्या देवघराच्या किंवा राजवाड्याच्या आधारे करण्यापेक्षा बाजाराच्या आधारे करणे अधिक फलदायी ठरते. कारण बाजारात प्रकाशाचा संबंध थेट विश्वासाशी येतो. आणि बाजारांतही सराफ्याशी, कारण तेथे विकला जाणारा मालच मुळी चकाकण्यासाठी विकला जातो. जबलपूरचा सराफा जुन्या शहराच्या पोटात, कमानिया दरवाजा, कोतवाली आणि फुहारा यांच्या परिसरात वसला आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मृतीचा हा दरवाजा. त्याच्या नावातील 'कमान' मराठी वाचकाला ओळखीची वाटते. भोवतालच्या गल्ल्यांची नावे व्यवसायांवरून पडलेली : सुनरहाई सोनारांची, नुनहाई मिठाच्या व्यापाऱ्यांची. आणि सोन्याच्या या झगमगाटाला लागूनच अंधेरदेव नावाची पेठ आहे. नावाची उपपत्ती काहीही असो, सराफ्याच्या शेजारी अंधाराचे नाव मिरवणारी पेठ असावी हा योग प्रस्तुत विषयाला साजेसा आहे.

मराठी अभ्यासकाला हे गाव परके नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा प्रदेश घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रशासनाखाली नांदले. गोलबाजारातील दत्तमंदिर आणि महाराष्ट्र शाळा ही त्या सहवासाची खूण. 'सराफ' हा मूळचा अरबी शब्द मराठीने आणि हिंदीने सारखाच स्वीकारला; फरक एवढाच की मराठी बाजाराला 'सराफकट्टा' म्हणते, हिंदी 'सराफा'. जबलपूरचे मराठी कुटुंब अर्थातच 'सराफ्यात जाऊन येतो' असे म्हणते.

सराफीच्या दर्शनी पेढीमागे सोनाराचे दुकान असते, आणि कृत्रिम प्रकाशाचा खरा आरंभ तेथे शोधावा लागतो. सोनाराचा दिवा उजेडासाठी नसतो. तो हत्यार असतो. दिव्याच्या जाड वातीवर वाकडी फुंकणी धरून सोनार ज्योत आडवी करतो आणि तिचे निमुळते टोक नेमके डागाच्या जागी नेतो. फुंक अखंड हवी, श्वास नाकाने घ्यावयाचा आणि गालात साठवलेली हवा मात्र तुटू द्यावयाची नाही. ज्योतीचा रंग पाहून तो उष्णता ओळखतो. म्हणजे येथे प्रकाश हे वाचावयाचे चिन्ह आहे. या वाकड्या फुंकणीला हिंदीत 'बंकनाल' म्हणतात, आणि हाच शब्द नाथपंथी व निर्गुणी काव्यात योग्याच्या शरीरातील सूक्ष्म नाडीसाठी येतो. मराठीत हीच गोष्ट नरहरी सोनाराने वेगळ्या वाटेने केली. त्याच्या सर्वपरिचित अभंगात सोनाराची बागेसरी, म्हणजे शेगडी, आणि मूस ही देहाची व गुणांची रूपके होतात. एकीकडे फुंकणी नाडी होते, दुसरीकडे शेगडी देह होते; दोन्हीकडे सोनाराचा अग्नी बाहेरून आत नेला जातो. ज्या कारागिराला रोज ज्योतीकडे टक लावून पाहावे लागते त्याच्या व्यवसायातून ही रूपके निघावीत यात नवल नाही. विजेच्या दिव्याकडे टक लावता येत नाही, ही साधी शारीरिक गोष्टही येथे विसरू नये.

दर्शनी पेढीवर मात्र प्रश्न वेगळा होता. सोन्याचा कस पाहावयाचा तो दिवसा. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासून उमटलेली रेघ ज्ञात कसाच्या रेघेशी ताडून पाहणे हा डोळ्याचा व्यवहार आहे, आणि त्याला सारखा, शांत दिवसाचा प्रकाश लागतो. त्याचे कारण वस्तूच्या गुणधर्मात आहे. सोने निळा प्रकाश शोषते आणि पिवळा-तांबडा परावर्तित करते. तेलाच्या ज्योतीत मुळातच निळ्याचा अंश अत्यल्प. त्यामुळे दिव्याखाली सोन्याचे काही बिघडत नाही, उलट चांदी आणि कापूसही पिवळसर होऊन सोन्याच्या जवळ सरकतात, आणि चांगले सोने व हिणकस सोने यांतील छटांचे अंतर पुसट होते. दिवा सोन्याला शोभा देतो आणि निवाडा मात्र अवघड करतो.

ही अडचण विजेने दूर केली असे म्हणता आले असते; परंतु तसे घडले नाही. आजच्या दागिन्यांच्या दालनात सोन्याच्या कपाटावर पिवळसर उबदार दिवे असतात, हिऱ्यांवर आणि चांदीवर निळसर पांढरे. प्रकाशाच्या वर्णतापमानाच्या भाषेत पहिले सुमारे ३,००० केल्व्हिनचे, दुसरे ५,००० किंवा त्याहून वरचे. तेलाची ज्योत दोन हजाराच्या आसपास. निळा प्रकाश देणारा डायोड विसाव्या शतकाच्या अखेरीस व्यवहारात आला, त्याच्या संशोधकांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर हवा तो पांढरा रंग स्वस्तात घडवता येऊ लागला. म्हणजे पूर्वी दिव्याचा रंग सगळ्यांना सारखाच मिळत असे, आता तो दुकानदार निवडतो. गिऱ्हाईक दागिना घेऊन रस्त्यावरच्या उन्हात पाहून येतो तेव्हा तो काही जुनाट खोड पाळत नसतो. दुसऱ्याने निवडलेल्या उजेडातून वस्तू बाहेर काढण्याचा तो एकमेव मार्ग असतो.

अर्थात डोळ्याचा अधिकारच आता मर्यादित झाला आहे. हॉलमार्कची मुद्रा २००० पासून ऐच्छिक होती, ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. पेढीवरचे कसमापक यंत्र क्ष-किरणांचा मारा करून धातूतून उमटणारे किरण मोजते आणि पडद्यावर टक्केवारी दाखवते. ज्या किरणांनी आज सोन्याची परीक्षा होते ते किरण कोणालाच दिसत नाहीत. कसोटीचा दगड मात्र अनेक पेढ्यांवर अजून गल्ल्याशेजारी पडलेला असतो.

व्यापारी आणि दिवा यांचे नाते भाषेने अधिक खोल जपले आहे. 'दिवाळे' हा शब्द जुन्या पेठांतील एका प्रथेशी जोडला जातो : बुडालेल्या व्यापाऱ्याने भरदिवसा दुकानात दिवा लावावा, म्हणजे देणेकऱ्यांना आणि घेणेकऱ्यांना बोलल्यावाचून कळावे. रात्री लावलेला दिवा व्यवहार चालू असल्याची खूण, दिवसा लावलेला दिवा व्यवहार संपल्याची. येथे दिव्याचा उजेड अगदी निरुपयोगी आहे आणि म्हणूनच त्याचा अर्थ इतका स्पष्ट आहे. ज्या दिवशी दुकानांत दिवसाही दिवे जळू लागले त्या दिवशी ही खूण वाचण्याची शक्यता संपली. आजचा सराफा सकाळी अकरा वाजता संपूर्ण उजळलेला असतो, आणि त्यावरून कोणाच्या पतीबद्दल काहीही कळत नाही.

विझण्याच्या क्रियेबद्दलचा संकोचही असाच बोलका आहे. हिंदी प्रदेशातील दुकानदार 'दुकान बढ़ाना' म्हणतो तेव्हा तो दुकान बंद करीत असतो. 'दीया बढ़ाना' म्हणजे दिवा विझवणे. मराठीने हेच 'वाढवणे' बांगडीसाठी आणि नारळासाठी राखले : बांगडी फुटत नाही, ती वाढते, नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिव्यासाठी मराठीने 'मालवणे' हा सौम्य शब्द योजला, किंवा तो 'शांत' केला. दोन शेजारभाषांनी एकाच भयाची वाटणी करून घ्यावी असा हा प्रकार आहे, आणि जबलपूरच्या मराठी घरांत दोन्ही प्रयोग एकाच जिभेवर नांदताना आढळतात. पण विजेच्या दिव्याला हा संकोच लागू होत नाही. तो सरळ 'बंद' होतो. आणि वीज खंडित झाली की 'लाइट गेली' असे म्हणतात. ती जाते, येते, पाहुण्यासारखी वाट पाहावयास लावते. आपल्या हाताने मालवलेला दिवा आणि आपल्याला न विचारता गेलेली लाइट यांतील अंतर व्याकरणातच नोंदले गेले आहे. फ्रेंच विचारवंत गास्तों बाशलार याने मेणबत्तीच्या ज्योतीवर १९६१ मध्ये लिहिलेल्या छोट्या ग्रंथात विजेच्या युगाला प्रशासनाखालच्या प्रकाशाचे युग मानले, ते याच अर्थाने. जबलपुरात या कल्पनेला प्रत्यक्ष पत्ताही आहे : मध्य प्रदेश वीज मंडळाचे मुख्यालय येथल्या शक्तिभवनात होते. शहराच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरणाचे ९० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे, आणि तेच पाणी पुढे ग्वारीघाटावर येते तेव्हा त्यावर द्रोणांतले दिवे सोडले जातात. एकाच नदीने दिवा आणि उजेड दोन्ही वाहावे, याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

सराफ्याचे वर्षातले खरे प्रकाशदर्शन नवरात्रात घडते. सुनरहाई आणि नुनहाई येथील दुर्गामूर्ती बुंदेली थाटाच्या असतात आणि खऱ्या सोन्याचांदीच्या दागिन्यांनी मढवल्या जातात; दागिन्यांमुळे मांडवाला पोलिसांचा पहारा असतो. एरवी कपाटात, काचेमागे, किंमतीच्या चिठ्ठीसह असलेले सोने येथे विक्रीबाहेर जाते. गल्ली रात्रभर जागी असते. इंदूरचा सराफा रोज रात्री दुकाने बंद झाल्यावर खाद्यपदार्थांचा बाजार होतो, ही गोष्ट महाराष्ट्रातही प्रसिद्ध आहे. जबलपूरचा सराफा ही उलटापालट वर्षातून काही रात्री देवीसाठी करतो.

या मूर्तींपुढे उभे राहिले असता एक सौंदर्यशास्त्रीय प्रश्न सुटत नाही. जपानी कादंबरीकार तानिझाकी जुनइचिरो याने १९३३ मध्ये सावल्यांची महती सांगणारा जो निबंध लिहिला, त्यात सोन्याविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे : सोनेरी लाखकाम किंवा सोन्याचे पडदे हे अंधाऱ्या दालनांसाठी, दूरचा मंद प्रकाश झेलून परत देण्यासाठी घडवले गेले, लख्ख उजेडात ते भडक दिसतात. म्हणजे त्याच्या मते सोने स्वतःच एक प्रकारचा दिवा होते. मराठी घरातील देवघराला हे लागू पडते; निरांजनाच्या ज्योतीत देवाचा मुकुट हलल्यासारखा दिसतो, कारण ज्योत हलते. विजेच्या झोतात सोने स्थिर होते. सुनरहाईची देवी आज झोतदिव्यांत उभी असते, आणि तिचे सोने तपशिलाने दिसते : नक्षी, जडाव, वजन. परंतु आरतीचे तबक वर जाते त्या क्षणी नथीवर आणि हारावर पिवळी लहर धावते, आणि तेवढ्यापुरते सोने पुन्हा तानिझाकीचे होते. मात्र तानिझाकीचे मत येथे जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. त्याच्या अंधाऱ्या दालनात प्रवेश फार थोड्यांना होता. नवरात्रातील गल्लीत, विजेमुळेच, मागच्या रांगेतील माणसालाही देवी दिसते. उजेडाने गूढता हिरावली असेल, पण अंतरही हिरावले, हे लक्षात घेतले पाहिजे.

रंगभूमीवर हेच स्थित्यंतर अधिक ठळक दिसते. सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवले, त्या परंपरेच्या पौराणिक नाटकांत राक्षसाचा प्रवेश राळेच्या भपक्याने होत असे. मशालीवर राळेची पूड फेकली की ज्वाळा उसळे आणि तीतून राक्षस प्रकटे. येथे प्रकाश प्रसंग घडवतो, जणू तोही एक पात्र असतो. सराफ्याच्या शेजारच्या गोविंदगंजाची रामलीलाही एकोणिसाव्या शतकातली, विजेच्या आधीची. तिचे प्रारंभीचे प्रेक्षक ज्या उजेडात राम पाहत होते तो उजेड धूर सोडणारा, वास असलेला आणि अधूनमधून सावरावा लागणारा होता. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये वायूचे दिवे लागले, आणि हळूहळू नाट्यगृहांतही उजेड एकसारखा होत गेला. जर्मन इतिहासकार वोल्फगांग शिवेलबुश याने दाखविल्याप्रमाणे त्यानंतरची पायरी म्हणजे प्रेक्षागृह अंधारे करणे. रंगमंच उजळला आणि प्रेक्षक परस्परांना दिसेनासे झाले. रामलीलेच्या मैदानात हे कधीच पूर्णपणे घडले नाही.

चित्रकलेत दिवा पुन्हा पाहण्याची वस्तू झाला, पण तो उशिरा. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे (१८८२–१९६८) दिवा घेतलेल्या तरुणीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते १९४५-४६ च्या सुमाराचे; चित्रासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. पुष्कळ प्रेक्षक ते रविवर्म्याचे समजतात, ही हळदणकरांवर अन्याय करणारी पण अर्थपूर्ण चूक आहे. ज्योतीवर धरलेल्या तळव्यातून प्रकाश आरपार येतो आणि बोटांच्या कडा तांबूस होतात. चित्राचे सारे कौशल्य त्या बोटांत आहे. जलरंगात खोडायला वाव नसतो, कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखून ठेवावा लागतो. म्हणजे चित्रातला उजेड हा मुळात न रंगवलेला कागद आहे. हे चित्र झाले तेव्हा मुंबईत वीज येऊन चार दशके लोटली होती. घरातला एकमेव प्रकाश असेपर्यंत दिवा सहसा चित्राचा विषय होत नाही. त्याची गरज सरली की तो चित्र होतो.

जबलपूरच्या साहित्याने मात्र दिव्याकडे हळवेपणाने पाहिले नाही. हरिशंकर परसाई (मृत्यू १९९५) या शहरात राहिले, येथूनच त्यांनी 'वसुधा' चालवले, आणि बाजाराची भाषा त्यांच्या उपरोधाची भाषा झाली. त्यांच्या 'टार्च बेचनेवाले' या व्यंगकथेत चौकात 'सूरज छाप' विजेऱ्या विकणारा एक माणूस आहे. तो लोकांना अंधाराची भीती घालतो आणि मग विजेरी विकतो. वर्षांनंतर त्याला जुना मित्र भेटतो. तो आता भव्य मंचावरून आत्म्यातील अंधाराची भीती घालतो आणि आतला प्रकाश देऊ करतो. धंदा तोच, कंपनी वेगळी, आणि नफा कितीतरी अधिक. हे कळताच पहिला आपली विजेऱ्यांची पेटी नदीत फेकतो आणि मित्राचा धंदा पत्करतो. परसाईंचे मर्म असे की प्रकाश विकण्यासाठी आधी अंधार विकावा लागतो. संतकाव्याने दिव्याला ज्ञानाचे रूपक केले. परसाईंनी त्या रूपकालाच भाव किती हे विचारले. सराफ्याच्या गावातल्या लेखकाने रूपक कसोटीवर घासावे हे योग्यच झाले. मराठीत दिव्याच्या रूपकाची इतकी रोखठोक झडती क्वचितच घेतली गेली आहे. आपल्याकडे 'काय दिवे लावले' हा वाक्प्रचार ते काम एकट्याने करीत आला.

याच शहरात १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही काळ गजानन माधव मुक्तिबोध राहत होते. घरची भाषा मराठी, काव्याची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी, 'नवी मळवाट'चे कर्ते. मुक्तिबोधांचा 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह १९६४ मध्ये आला, त्यात 'अँधेरे में' ही दीर्घ कविता आहे. तिच्यात प्रकाशाचे दोन प्रकार परस्परांसमोर उभे आहेत. आरंभी गुहेचे दार उघडते आणि लाल मशालीच्या उजेडात एक रक्तवर्णी पुरुष दिसतो. तो कवीचेच हरवलेले रूप आहे. पुढे मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक निघते, बँड वाजतो, वायूच्या दिव्यांच्या रांगा चमकतात, आणि त्या उजेडात सेनाधिकारी, प्रतिष्ठित, विद्वान आणि शहरातला कुख्यात मारेकरी खांद्याला खांदा लावून चालताना दिसतात. मशालीचा उजेड एकट्याला स्वतःकडे नेतो, दिव्यांच्या रांगांचा उजेड सत्तेला मिरवतो. आणि ज्याने ही मिरवणूक पाहिली तो साक्षीदार धोक्यात येतो. दिव्याच्या उजेडात दिसावयाचे कोणी आणि पाहावयाचे कोणी हे ठरलेले आहे, आणि ते उल्लंघणे हाच कवितेतील अपराध.

मिरवणुकीतील या दिव्यांच्या रांगा मुक्तिबोधांना कल्पनेतून आणाव्या लागल्या नसतील. मध्य भारतातील प्रत्येक वरातीत त्या असत. दाबाच्या रॉकेलवर जळणारा, जाळीचा हा दिवा. ती पांढरीशुभ्र जाळी थोरियमची, आणि त्यासाठी लागणारी वाळू एके काळी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून जर्मनीला जात असे. दिवा डोक्यावर घेऊन वरातीच्या दोन्ही कडांनी मजूर चालत, बहुधा स्त्रिया आणि मुले. दिवा वाहणाऱ्यांची ही परंपरा मराठीत 'दिवट्या' आणि 'मशालजी' या शब्दांत आहे. इंग्रजांच्या बंगल्यात हाच मशालजी पुढे भांडी घासणारा 'मसालची' झाला, इतका त्याच्या कामाचा मान उतरला. ज्याच्या डोक्यावर दिवा असतो त्याचा चेहरा दिव्याच्या बुडाच्या सावलीत राहतो, तेव्हा वरातीच्या छायाचित्रांत हे चेहरे सहसा उमटत नाहीत. आता जाळीच्या दिव्यांऐवजी विजेची झुंबरे आली आहेत. ती वाहणारे एका लांब तारेने परस्परांना आणि मागून ढकलत आणलेल्या जनित्राला जोडलेले असतात. वरात सराफ्याच्या अरुंद वळणावर अडली की तार ताणली जाते, आणि सर्वांना एकदम थांबावे लागते.